चार भोकं बुजवलेली पेटी

मित्रांनो, गंगापूर रोडवर गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवणारं एक दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यात मी असते. माझ्यावर चहाचे कप असतात, कधी जेवणाचा डबा असतो. तुम्ही मला स्टूल समजलात तर त्यात तुमची चूक नाही. पण मी स्टूल नाही. गाडीत गाण्याचा ठेका घुमवणारी, घरी बनवलेली, जुनी वूफरची पेटी आहे मी. माझ्या डाव्या बाजूला चार भोकं आहेत, बुजवलेली. माझ्याकडे मिरवण्यासारखं काही असेल, तर तेवढंच.

१९९८ साली मखमलाबादच्या एका घराच्या ओट्यावर संतोषने मला बनवलं. जाड प्लायवूड कापलं, खिळे ठोकले, पुढे स्पीकरसाठी ताटाएवढं गोल तोंड ठेवलं. त्याला गाड्यांना स्पीकर बसवायचं भारी वेड, पण काम कुठे मिळेना. शेवटी गंगापूर रोडचा एक दुकानदार म्हणाला होता, "रविवारी दहाला तुझी गाडी आण. आवाज आवडला तर सोमवारपासून कामाला ये." संतोषचं सगळं नशीब असं माझ्यात येऊन बसलं होतं.

त्याचे वडील म्हणजे गोरक्ष अण्णा. अण्णांनी तीस वर्षं द्राक्षांच्या लाकडी पेट्या बनवल्या होत्या. प्रत्येक पेटीवर ते पेन्सिलने एकच शब्द लिहीत, 'जपून'. मग पुठ्ठ्याची खोकी आली आणि अण्णांची हत्यारांची पिशवी खुंटीला गेली. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असत. कुणी काही काम सांगेल म्हणून वाट बघत, आणि कुणी सांगत नसे.

शुक्रवारी संतोष मनमाडच्या मित्राकडून स्पीकर आणायला गेला. अण्णा माझ्याजवळ आले. त्यांनी मला चारही बाजूंनी चाचपलं आणि स्वतःशीच म्हणाले, "पोरगं घाईत इसरलं वाटतं." मग पिशवीतून गिरमिट काढलं आणि माझ्या कुशीत एका रांगेत चार भोकं पाडली. काय सांगू तुम्हाला! चारही अगदी एकसारखी, एक कपचासुद्धा उडाला नाही. मला तर वाटलं, आता मी पूर्ण झाले.

संध्याकाळी संतोष आला आणि मटकन खालीच बसला.

"अण्णा, हे काय केलं?"

"आरं, हवेला वाट नको का? बंद पेटीत माल घुसमटतो."

"यात काय द्राक्षं भरायचीत का? यात हवा कोंडायची असते! सुईएवढी फट राहिली तरी आवाज फुसका होतो!" त्याचा आवाज चढला. "तुमच्या पेट्यांचा जमाना गेला, अण्णा. आता कशाला हात लावू नका."

अण्णांनी गिरमिट खाली ठेवलं, तेही आवाज न करता. मला फार वाईट वाटलं.

आई बयाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नवी फळी आणायला येळ हाय का तुझ्याकडं? नाय ना? मग ज्यांनी भोकं पाडली त्यांनाच बुजवू दे. अन् जरा तोंड आवर."

अण्णांनी एवढंच विचारलं, "हवा अजिबात जायला नको?"

"अजिबात नाय."

"मग हे आधी सांगायचं रे."

आणि मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अण्णांनी सागाच्या चार खुंट्या तासल्या, फेव्हिकॉल लावून भोकांत ठोकल्या आणि वरून घासून सपाट केल्या. बोट फिरवलं तर खुंटी कुठे आणि फळी कुठे ते कळू नये! मग माझ्या गोल तोंडातून खांद्यापर्यंत हात आत घातला. कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे चिकटवले, मधोमध एक आडवी पट्टी दाबून बसवली. लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून सांध्यांत भरला. आत काही दिसत नव्हतं, सगळं बोटांनीच चाललं होतं. एवढी माया बोटांत कुठून येते, मला अजून कळलेलं नाही. शेवटी कानामागची पेन्सिल काढून त्यांनी आत, खुंट्यांशेजारी, काहीतरी लिहिलं आणि आपल्याच सवयीला हसले. संतोषचं लक्ष नव्हतं. त्या भोकांकडे बघायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं.

शनिवारी दुपारपर्यंत मी खडखडीत वाळले. संतोषने स्पीकर बसवला आणि देवघरातली उदबत्ती पेटवून आणली. तो स्पीकरचा पडदा हलकेच आत दाबायचा आणि धूर माझ्या सांध्यांवरून फिरवायचा. हवा निसटत असेल तिथे धूर हलतो. खुंट्यांपाशी धूर सरळ वर गेला. चारही ठिकाणी. पण खालच्या कडेला तो थरथरला. तिथे खिळा तिरपा गेला होता आणि फळी जरा फाकली होती. ते काम संतोषचं होतं.

त्याने उदबत्ती पुन्हा एकदा तिथूनच फिरवली. मग खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, हे माझं चुकलं. बघता का जरा?"

अण्णा लगेच उठले. इतक्या लगेच, की बयाबाईंना हसू आलं.

ती फट बुजली, वाळली आणि उन्हं उतरायच्या आत संतोषने गाणं लावलं. बाप रे! तो आवाज माझ्यातून येतोय यावर माझाच विश्वास बसेना. जमिनीखालून येतो तसा ठेका आला. फडताळातली भांडी किणकिणली, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली, बयाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. आणि मी? मी जागची हलले नाही. अण्णांनी माझ्यावर तळहात ठेवला.

"आत एवढं चाललंय," ते हळूच म्हणाले, "अन् बाहेर हूं नाय की चूं नाय!"

रविवारी दुकानदाराने दोन गाणी ऐकली, मला ठोकून पाहिलं आणि विचारलं, "जोडकाम कुणाचं?"

"आमच्या अण्णांचं," संतोष म्हणाला.

"मग सोमवारी दोघंही या."

पुढे आठ वर्षं बापलेक एकाच गाडीने कामाला गेले. मी मागे बसून गात असे. मधल्या काळात ते दुकान संतोषने चालवायला घेतलं. २००६ मध्ये अण्णा गेले. गाड्यांत कंपनीचेच स्पीकर येऊ लागले, आमची गाडी विकली गेली आणि मी या कोपऱ्यात आले.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला माझा स्पीकर हवा होता. संतोषने तो काढला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने टॉर्च घेतला आणि ती चार भोकं आतून शोधू लागला. खुंट्या सापडल्या. त्यांच्या शेजारी पेन्सिलचा शब्द सापडला. 'जपून'.

संतोषने त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "हा नाय देता येणार, दादा." गिऱ्हाईक गेल्यावर त्याने स्पीकर परत बसवला, स्क्रू आवळले, उदबत्ती पेटवली. पडदा दाबला आणि धूर माझ्या सगळ्या अंगावरून फिरवला.

धूर कुठेच हलला नाही.

"अण्णा, बघा," तो म्हणाला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी कुणाची तरी पिशवी खुंटीला असेल. तिला एखादं काम सांगा. आणि दुकानात आलात तर माझ्यावर कप खुशाल ठेवा. फक्त, जपून.