वस्त्रगाळ राख

आमच्या सासूबाईंची राख वाडीत नावाजलेली होती. हसू नका, खरंच सांगते. कुणाच्या लोणच्याचं नाव असतं, कुणाच्या पापडांचं, तसं आमच्या रंगूबाईंच्या राखेचं होतं. चूल निवली की राख काढायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि डब्यात भरून ठेवायची. अशी मऊ की पीठ म्हणून कुणी मळायला घेईल. वाल झोडून, उन्हं देऊन झाले की त्या राखेत घोळवून कणगीत भरायचे, मग वर्षभर किडा फिरकायचा नाही. वाल भरायच्या दिवसांत बायका पातेली घेऊन दारात यायच्या आणि सासूबाई सोनं तोलावं तशी राख मोजून द्यायच्या.

मी महाडच्या बाजारपेठेतली. लग्न करून वरंधच्या अलीकडच्या या वाडीत आले तेव्हा मला हे सगळं खुळेपणाचं वाटायचं. पण वाल खरंच टिकायचे, त्यामुळे गप्प बसले. आता मी गप्प बसले म्हणजे काय ते माझ्या नवऱ्याला विचारा. विनीत मुंबईला कंपनीची गाडी चालवतो, शिमग्याला आणि गणपतीला येतो, आणि आल्या आल्या सांगतो की घाट चढतानाच तुझा आवाज ऐकू आला. माझी जीभ तिखट आहे, हे मी आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी ही जीभ जास्तच सुटली होती, कारण सलोनी. माझी पोरगी, दुसरीत होती. आधी नुसतं पोट दुखायचं. मग जेवण तुटलं. तोंड पांढरंफटक पडलं, चालताना दमायला लागली आणि पहिलीत धडाधडा वाचणारी पोर दुसरीत अक्षरावर बोट ठेवून बसून राहायला लागली. दवाखान्यात जंताच्या गोळ्या दिल्या, रक्तवाढीचं औषध दिलं. बाटल्यांवर बाटल्या संपल्या, पोर होती तिथेच. मी शाळेतल्या बाईंशी भांडले, शाळेच्या खिचडीवरून भांडले, दुकानदाराला सांगून आले की माझ्या पोरीला कुरकुऱ्याचं पाकीट दिलंस तर तुझं दुकान उचलून नदीत टाकीन. रात्री ती पोटाशी पाय घेऊन झोपायची आणि मला वाटायचं, माझ्या लेकराला काहीतरी आतून खातंय आणि मला ते दिसत नाहीये. फार भीती वाटायची. भीती वाटली की मला राग येतो.

शिमगा झाल्यावर स्नेहल आली. पुण्याला अन्नाच्या शास्त्रात संशोधन करत होती. महाड-पोलादपूरकडचे कडवे वाल लोक घरात कसे साठवतात, कुठल्या पद्धतीत बुरशीचं विष धरत नाही, कुठल्यात धरतं, हे तिला शोधायचं होतं. कोणी लाल माती लावतं, कोणी तेल, कोणी दुकानातली पावडर. राख सगळ्यांत चांगली निघेल असं तिला वाटत होतं, आणि तिने ते सासूबाईंना सांगितलंही. झालं. सासूबाईंनी तिला बसवून घेऊन राख कशी गाळायची याचा वर्गच घेतला, वर बिरड्याची उसळ नि भाकरी खाऊ घातली. जाताना ती आमच्या कणगीतले मूठभर वाल पिशवीत घालून घेऊन गेली. सासूबाई पुढचे आठ दिवस जमिनीवर नव्हत्या.

मे महिन्यात तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता. आमच्या वालांत बुरशी नव्हती, पण शिसं सापडलं होतं. नदीकाठच्या शेतांत कंपन्यांचं पाणी येतं म्हणून तिने सगळ्याच घरांच्या वालांत धातूही तपासले होते. बाकीच्या बऱ्याच घरांत काही नव्हतं, दोन-चार घरांत थोडं होतं, आमच्यात खूप. मग तिने विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी सलोनीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली की उद्याच महाडला जाऊन तिच्या रक्तातलं शिसं तपासायला द्या.

रिपोर्ट मुंबईहून आला. चालतं त्याच्या कितीतरी पट शिसं. महाडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे पोटात जात राहतं, रक्त कमी करतं, पोट दुखवतं आणि मुलांच्या मेंदूला धरतं. येतंय कुठून ते आधी शोधा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. पोरगी वाचायची का थांबली, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मी तिथेच रडले, लोकांसमोर.

आता राग कुणावर काढायचा ते मला पक्कं ठाऊक होतं. कंपन्यांवर. महाडात काहीही झालं की आम्ही आधी तिकडेच बोट दाखवतो. नवऱ्याला फोन करून सांगितलं की वकील बघ. त्याने विचारलं, अगं, कंपन्या तिकडे खाली, आपण डोंगरात, आपलं पाणी झऱ्याचं, ते इथवर चढेल कसं? मी म्हटलं, चढेल, तू शहाणपणा शिकवू नकोस. पण मनात कुठेतरी त्याचं पटलं होतं, म्हणून जास्तच चिडले.

दोन दिवसांनी स्नेहल पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात एक यंत्र होतं, दुकानात सामानावर लाल उजेड मारून किंमत काढतात ना, साधारण तसं. ज्याच्यावर धरावं त्याच्यात शिसं आहे की नाही ते आकड्यात सांगायचं. सुट्टी होती, सलोनी घरातच होती. माझी नणंद श्रुतिका पण होती, सातवा लागला म्हणून माहेरी आलेली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, त्यामुळे सासूबाई तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. ती आतल्या खोलीत आडवी झाली होती आणि आम्ही स्नेहलच्या मागे घरभर.

तिने हंड्यावर यंत्र धरलं. काही नाही. हळद, मसाला, रेशनचा तांदूळ, ॲल्युमिनियमचं पातेलं, भिंतीचा चुना. कशातच काही नाही. मला वाटलं, हे मशीनच बंद असणार. मग तिने ते राखेच्या डब्यात धरलं आणि आकडा सरसर चढत गेला. तिने पुसून पुन्हा धरलं, पुन्हा तोच आकडा.

तिने विचारलं, चुलीत काय जाळता? मी तिला मागच्या पडवीत नेलं. तिथे लाकडाची थप्पी होती. दोन फळ्या हलवल्यावर खालून हिरवा ऑईलपेंट दिसला. यंत्र त्याच्यावर धरलं तर राखेतला आकडा काहीच नव्हे म्हणायची पाळी.

ते आमच्या घराचं दार होतं. म्हणजे माझ्या माहेरचं. पुराच्या साली बाजारपेठेत माळ्यापर्यंत पाणी आलं. पाणी उतरल्यावर ओळखीचे लोकसुद्धा आपापल्या चिखलात अडकलेले, पण सासूबाई वाडीतल्या बायका घेऊन डोंगर उतरून आल्या आणि माझ्या आईबापाचं घर घमेल्या-घमेल्यांनी उपसून काढलं. दारं-खिडक्या फुगून वाकड्या झाल्या होत्या. बाबा हात जोडून म्हणाले, विहीणबाई, देण्यासारखं काही राहिलं नाही, ही सागाची लाकडं तरी न्या. शेजाऱ्यांनीही आपापली दारं दिली. टेम्पो भरून लाकूड वाडीत आलं. सासूबाईंनी ते जपून, आंघोळीच्या पाण्यापुरतं, वर्षानुवर्षं पुरवलं. आणि बाबा दर गणपतीला त्या दारांना रंग द्यायचे. जुना न खरवडता वर नवा, असे माझ्या आजोबांपासूनचे थर. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं, असं स्नेहल म्हणाली.

सासूबाईंना ते काही पटेना. त्यांनी तिला अगदी शांतपणे समजावलं. "बाय, जाळल्यावर काय राहतंय? आगीत समदं शुद्ध होतं. राख कधी घाण नसते गो. आमी देवाचा अंगारा लावतो तो काय?"

"आजी, लाकूड जळून जातं," स्नेहल म्हणाली. "शिसं जळत नाही. ढीगभर लाकडातलं सगळं शिसं मूठभर राखेत मागे उरतं."

पण तिला अजून एक कोडं होतं. वाल भिजवताना, सोलताना राख बरीच धुतली जाते. नुसत्या वालांतून पोरीच्या अंगात एवढं जाणार नाही. अजून कशातून राख तोंडात जाते? मी सांगितलं की भांडी मी साबणाने घासते, राखेने नाही. तेवढ्यात सलोनी पुढे आली, दात विचकून दाखवले आणि दातांवर बोट फिरवत म्हणाली, आजी रोज लावते.

राख आणि मीठ. पेस्टमध्ये केमिकल असतं म्हणून सासूबाई रोज सकाळी तिला मांडीत घेऊन स्वतःच्या बोटाने तिचे दात घासायच्या. मला माहीत होतं, मला ते आवडायचंही. पोरीचे दात मोत्यासारखे होते.

मग माझं डोकं फिरलं. कंपनीसाठी, शाळेसाठी, दुकानदारासाठी जे जे साठवून ठेवलं होतं ते सगळं मी त्या म्हातारीवर ओतलं. म्हटलं, तुमच्या हाताने घातलंत तिला. रोज. मोजून. स्नेहल मध्ये पडायला बघत होती, मी तिलाही उडवून लावलं. आणि बोलता बोलता मला दिसत होतं की हा दोष धड यांचाही नाही. बाबांनी रंग दिला तो घर चांगलं दिसावं म्हणून. यांनी लाकूड आणलं ते माझ्या माहेरचा चिखल उपसून. दात घासले ते मायेने. शिव्या घालायला कुणी हक्काचा दुष्ट माणूसच सापडत नव्हता, त्याचाही मला राग आला होता. शेवटी घसा बसला तेव्हा थांबले.

एरवी माझ्या एका शब्दाला दोन देणाऱ्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या आणि डब्याकडे बघत राहिल्या. स्नेहल हलक्या आवाजात पुढचं सांगत होती. राख मातीत टाकायची नाही, पिशवीत बांधून ती स्वतः घेऊन जाईल. रंगाचं लाकूड आजपासून बंद. ज्यांनी ज्यांनी राख नेली त्या घरांत आजच सांगायचं, वाल टाकून द्यायचे, मुलांचं रक्त तपासायचं. सलोनीचं प्रमाण उतरेल, वेळ लागेल. जे गेलं ते सगळं परत येईल का, हे मात्र तिला सांगता येणार नव्हतं. मी सलोनीला जवळ ओढलं तर ती म्हणाली, आई, तू आजीला का ओरडलीस?

तेव्हा सासूबाई बोलल्या. स्नेहलकडे बघूनच बोलल्या.

"पोटातल्या पोराला बी जातं काय गो हे?"

स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, असं का विचारताय? त्यांनी पदर तोंडावर धरला होता, त्यामुळे शब्द नीट कळत नव्हते. मी पदर ओढून बाजूला केला.

"श्रुतीला डोहाळे हायत," त्या म्हणाल्या. "राख मागते. आली तवापासून. माती नको देऊ म्हणालं डाक्तर, म्हणून मी राख देते. चांगली गाळलेली. दुपारची, चिमूट चिमूट."

स्नेहलच्या हातातलं यंत्र खाली आलं. तेवढ्यावरून सासूबाईंना जे कळायचं ते कळलं. त्या उठायला गेल्या आणि त्यांना उठता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या सासूला काखेत हात घालून उभी केली. त्या एकच म्हणत होत्या, तिला नको सांगू, तिला नको सांगू.

आमच्या आवाजाने श्रुतिकाची झोप मोडली असावी. ती दारात आली, एक हात कमरेवर, केस विस्कटलेले, ओठांवर हसू. घरात भांडण लागलं की ती आधी हसायची. मला म्हणाली, "वहिनी, आज कुणाचा नंबर लागला?"

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

"तुझं आधारकार्ड घे आणि चपला घाल," मी म्हटलं. "महाडला जायचंय, रक्त तपासायला. आत्ताच. वाटेत सांगते."