पट्टीत अडकलेला तांदूळ

मी जोगेश्वरीच्या सामंतांकडचा पियानो. उभ्या बांध्याचा, म्हणून नवखा माणूस मला कपाटच समजतो. पण देशोदेशी मैफली करणाऱ्या गंधाली सामंतची बोटं माझ्यावर घडली आहेत. तेव्हा थोडा तोरा मिरवला, तर चालवून घ्या.

माझी उमेदीची वर्षं अंधेरीच्या एका स्टुडिओत गेली. पुढे तिथे हलके कीबोर्ड आले आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप. तिथेच नोकरीला असलेले मार्तंड सामंत मला लेकीसाठी घरी घेऊन आले. मी जिन्यात अडकलो, तेव्हा खालच्या रत्नप्रभाकाकू बाहेर आल्या. "गो शुभा, ह्यां काय हाडलंस? ह्याच्यात कपडे ठेवतलंस की आमची झोप मोडतलंस?"

शुभाताईंनी, म्हणजे गंधालीच्या आईने, आवाज दबावा म्हणून माझ्या पाठीला गोधडी बांधली.

गंधाली शाळेतून आली की माझ्यापाशी बसे. चुकलेली जागा पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. मी कंटाळायचो, ती नाही.

परदेशातल्या संगीत महाविद्यालयाला वादनाचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. मुदत दसऱ्याला संपत होती. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शुभाताईंनी माझी पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि उघड्या पट्ट्यांवर मूठभर अक्षता! एक दाणा फटीत शिरला. मधली पट्टी दाबली की खालीच राहू लागली.

"आई, पूजा केलीस की पेरणी?" गंधाली रडकुंडीला आली होती.

"अगं, भक्तीने वाहिल्या गं..."

सूर लावणारे श्यामसुंदर सणाला गावी गेलेले. मार्तंडराव म्हणाले, "अंधेरीच्या दुकानात नवा पियानो आहे. विचारू त्यांना?"

"नको, बाबा. त्याची-माझी ओळख नाही. हाच हवा."

दसऱ्याच्या सकाळी तिने गोधडी सोडली. खालून हाक आली, "वाजव गो बाय! माझो मिक्सर बंद आसा!"

ती वाजवू लागली. मधली पट्टी खाली अडकली आणि तिचा सूर लांबतच गेला. पण गंधालीने घाई केली नाही. तो सूर विरेपर्यंत ती थांबली, नखाने पट्टी अलगद उचलली आणि पुढे निघाली. प्रत्येक वेळी तसंच. असं शांत वादन त्याआधी तिच्या हातून झालं नव्हतं.

तिची निवड झाली.

आता तिच्यापुढे तीन पायांचे, झगझगीत पियानो असतात. परवा मुंबईतल्या मैफलीनंतर तिला कुणी विचारलं, "सूर संपेपर्यंत थांबायला कुठे शिकलात?" ती म्हणाली, "जोगेश्वरीत. घरच्या पियानोवर." शुभाताईंनी हे घरी येऊन मला सांगितलं आणि पदराने माझी धूळ पुसली.

तो दाणा श्यामसुंदरांनी कधीच काढला. आता रत्नप्रभाकाकू नातीला, निधीला, माझ्यापाशी आणून बसवतात. "नीट वाजव. गंधालीचो पियानो तो!" असा दम देतात.

दसरा जवळ आलाय. शुभाताई, पूजा अवश्य करा, मानाचा हक्कदार आहे मी. फक्त यंदा आधी झाकण लावा. अडकलेली पट्टी उचलायला निधीची बोटं अजून लहान आहेत.