पायाला धरलेला हात

चष्मेवाल्याला नदीचं खूळ लागलं ते चाळिशी उलटल्यावर. राफ्टमधून खळाळतं पाणी उतरत जायचं, मुक्कामाला काठावर तंबू ठोकायचे, सोबत गाइड. अशी सहल त्याने ठरवूनच टाकली. बायकोने "मला माझा जीव जड झालेला नाही" म्हणून हात झटकले. मग त्याने साडूला गळ घातली. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा. वयाने मोठा, बेकरीवाला आणि पाण्याला भलताच भिणारा.

"अरे, मी टबातसुद्धा कडा धरून बसतो," साडू म्हणाला.

"साडूभाऊ, लाइफ जॅकेट असतं. आणि मी आहे ना शेजारी!"

या शब्दावर साडू तयार झाला. पहिला दिवस झकास गेला. पाणी अंगावर उडालं की साडू लहान मुलासारखा किंचाळायचा. मुक्कामावर त्याने निखाऱ्यांवर पाव भाजले, तेव्हा तर गाइडबाईंसकट सगळी मंडळी त्याच्यावर खूश झाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या उतारावर राफ्ट एका कुशीवर कलंडली आणि उलटली. चष्मेवाल्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. तेवढ्यात कुणीतरी त्याचा घोटा धरला. तो खाली ओढला जाऊ लागला. त्याने दुसऱ्या पायाने जीव खाऊन लाथ मारली. पकड सुटेना. त्याने पुन्हा मारली. टाचेखाली काहीतरी कडकन मोडलं आणि पाय मोकळा झाला.

वर येऊन त्याने दोर पकडला. मागे वळून बघतो तर साडूचं हेल्मेट पाण्यावर आलेलं, आणि एक हात त्याने छातीशी कवटाळलेला.

काठावर गाइडबाईंनी मनगटाला फळी बांधली. साडूचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी तोच सगळ्यांना धीर देत होता. "खडकावर आपटला असणार. कुणाचा तरी पाय हाताला लागला होता, तोही सुटला बघ."

चष्मेवाला ओले मोजे पिळत राहिला. मोज्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळत राहिला.

गाडीरस्ता पुढच्या टप्प्यावर होता. तिथवर राफ्टनेच जायचं होतं. संध्याकाळभर त्याने साडूची सेवा केली. बुटांचे बंद सोडले, उशाला स्वतःची बॅग दिली, घास भरवले.

"बायकोला सांगणार आहे," साडू म्हणाला, "तुझ्या बहिणीने नवरा निवडला तो हिरा."

खोकल्याचं निमित्त करून चष्मेवाला उठून गेला.

सकाळी चहाच्या वेळी गाइडबाई उभ्या राहिल्या. "काल मी राफ्ट चुकीच्या धारेत घातली. माझ्यामुळे यांचा हात मोडला. कंपनीला मी तसंच सांगणार आहे. बहुतेक ही नदी मला पुन्हा देणार नाहीत, पण चूक ती चूक."

चष्मेवाला गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण त्या बाईंचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

"राफ्ट उलटली ती उलटली," तो म्हणाला. "पण हात त्यामुळे नाही मोडला. मी मोडला. यांनी माझा घोटा धरला होता, मी लाथ मारली."

साडूने कप खाली ठेवला.

"माझा हात आहे हे कळलं होतं तुला?"

"पहिल्या लाथेला नाही."

"आणि दुसऱ्या?"

चष्मेवाल्याला खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या लाथेतच टाचेला घड्याळाचा पट्टा लागला होता. राफ्टमध्ये घड्याळ फक्त तुमच्या हातात होतं."

"पाण्यात माणसाचं भान सुटतं हो," गाइडबाई हळूच म्हणाल्या.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," साडू म्हणाला. आवाज चढवला नाही. राफ्टमध्ये चढताना चष्मेवाल्याने हात पुढे केला. साडूने तो बघितला आणि गाइडबाईंचा हात धरून चढला.

घरी आल्यावर बातमी दोन्ही बहिणींत पोचलीच. मेहुणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. बायको एवढंच म्हणाली, "तू खरं बोललास, बरं केलंस," पण त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तशी बघायची.

एका पहाटे तो न बोलावता बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. साडू एकाच हाताने पीठ मळायची खटपट करत होता. त्याने एकवार बघितलं आणि घासायच्या ट्रेंच्या ढिगाकडे मान उडवली. पिठाला हात लावू दिला नाही, पण घरी जा असंही म्हणाला नाही. चष्मेवाला रोज जाऊ लागला. ट्रे घासायचे, पोती आत आणायची, मग आपलं चष्म्यांचं दुकान उघडायचं.

प्लास्टर निघालं, तरी मनगट पूर्ण वळेना. एकदा पाव घ्यायला आलेल्या शेजारणीने विचारलं, "हाताला काय झालं हो?"

"साडूने लाथ मारली," साडू म्हणाला.

शेजारीण खो खो हसली. "तुमची मेली थट्टाच फार!"

दोघंही हसले नाहीत. साडूने सुटे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. ती गेल्यावर, मान वर न करता, म्हणाला, "उद्या थोडा लवकर ये. पीठ मळायला शिकवतो."

चष्मेवाल्याने मान डोलावली आणि पुढचा ट्रे घासायला घेतला.