करंगळीचं नख

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि माझी झोप उडाली. त्याच्याशेजारी पंजा ठेवायची एक पेटी होती. ती बोटांची लांबी-रुंदी मोजायची. नोंदवलेला हात असला तर हिरवा दिवा लागायचा, आणि मगच कॉम्प्युटर चालू व्हायचा. साहेबांनी एकच हात नोंदवला, जागेश्वरचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनिअर, टायपिंगही मीच शिकवलेलं.

रोज सकाळी तो दिवा लागला की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. एकदा तरी तो माझ्या हाताने लागावा, एवढंच मला हवं होतं.

एके दिवशी डबा खाताना मी थट्टेथट्टेत त्याच्या पंजाला पंजा लावून पाहिला. दोघंही कोष्ट्याच्या घरचे. बोट न बोट सारखं. फरक फक्त करंगळीच्या नखाचा. तुटलेला धागा उचलायला आमच्याकडे मागावर बसणारे ते नख वाढवायचे. माग सुटला तरी जागेश्वरने ते ठेवलं होतं. मी कापून मोकळा झालो होतो.

मी पुन्हा नख वाढवायला घेतलं.

"काहून वाढवून राहिले जी?" बायकोने, आमच्या वच्छलाबाईने, घरी विचारलंच. "माग इकून आठ वर्सं झाले."

दोन महिन्यांनी जागेश्वर नात्यातल्या लग्नासाठी खापरखेड्याला गेला. साहेब जेवायला गेल्यावर मी पेटीवर पंजा ठेवला. हिरवा दिवा लागला. मी कशालाही हात लावला नाही. पाच मिनिटं त्याच्या खुर्चीत बसलो आणि बंद करून उठलो. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

सोमवारी साहेबांनी कॉम्प्युटरपाशी बोलावलं. जागेश्वर तिथेच उभा होता.

"वामनराव, हा महिनाभर माझ्या मागे लागलाय, तुमचाही हात नोंदवा म्हणून. ठेवा पंजा."

मी ठेवला. पडद्यावर अक्षरं आली: हा हात आधीच नोंदलेला आहे. नाव, जागेश्वर.

साहेब चक्रावले. जागेश्वरने माझी करंगळी पाहिली, मग स्वतःची.

"पेटीच बिघडली असन, साहेब," तो म्हणाला.

साहेब कंपनीला फोन करायला बाहेर गेले. जागेश्वर हळूच म्हणाला, "मले म्हटलं असतं तं कॉम्प्युटर मीच उघडून देल्ला असता, वामनराव."

मी मूठ मिटली, तर नख तळहातात रुतलं.