लेसची गाठ

"तिनं गाठ बांधली, की या वर्गाला कुलूप. समजलं ना, बाई?" हेडसर दारातूनच म्हणाले. जिन्याखालच्या त्या खोलीत पाऊल टाकायचं ते शक्यतो टाळत.

बाई ढब्बूचं नाक पुसत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दीड वर्ष लागलं सर तिला ती गाठ शिकायला."

"मग इतकं शिकवायला सांगितलं होतं कुणी?"

"त्याच्यासाठीच ठेवलंय ना मला?"

"ठेवलंय सरकारनं. आणि आठ मुलं असली तरच विशेष वर्गाला पैसे, असं तेच सरकार म्हणतंय. आज तपासनीस चिमीला 'सुधारली' म्हणाले की उरली सात. त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला. मग तुम्ही बसा घरी, आणि पोरंही बसतील."

हेडसर गेले. 

हाच वर्ग एकेकाळी शाळेच्या दर्शनी भागात होता. पूर्वेची मोठी खिडकी, मुलांच्या उंचीची टेबलं, घरून आणायला गाडी, हात धरायला आया. कुणी पाहुणा आला की त्याला कौतुकाने आधी इथे आणत. मग वर कुठेतरी कुणीतरी खर्चाला कात्री लावली. आधी गाडी गेली, मग आया गेली, शेवटी खिडकीही गेली. वर्ग जिन्याखाली आला, मोडक्या बाकांच्या शेजाराला. डोक्यावरून पोरं धडधडत उतरली की ढब्बू कान झाकून भिंतीवर डोकं आपटायचा. बाई त्याच्या डोक्याच्या आणि भिंतीच्या मध्ये आपला तळवा धरत. त्या हाताची पाठ कायम काळीनिळी असे.

चिमी या वर्गात आली तेव्हा कितीतरी दिवस टेबलाखालून बाहेर निघाली नव्हती. आता ती घडघडा वाचत होती. मधल्या सुट्टीत चौथीच्या खिडकीशी उभी राहून त्यांच्या कविता पाठ करत होती. बाईंनीच तिला शब्द दिला होता, "स्वतःची लेस स्वतः बांधलीस, की तू चौथीत."

बाई पाणी प्यायला बाहेर आल्या, तर ढब्बूची आई पायरीवर बसलेली. इस्पितळात चादरी धुवायचं काम सोडून आली होती.

"चिमी चौथीत गेली तर तुमची वाहवा होईल, बाई. माझ्या पोराचं काय?"

"दुसऱ्या शाळेत विचारून बघू आपण..."

"विचारून कशाला, घालून बघितलं की! दप्तरासकट परत पाठवला. म्हणे बाकीच्यांना त्रास होतो. आता पुन्हा बाहेरून कडी लावून कामाला जाऊ? आमच्या दाराला आतून त्याच्या डोक्याचा खळगा पडलाय. या एकदा बघायला. पाहुणचार करते."

बाईंनी पाणी तसंच ठेवलं. त्या आत गेल्या आणि चिमीसमोर बसल्या.

"चिमे, आज साहेब काहीही विचारू देत. येत नाही म्हणायचं."

"पण मला येतं."

"माहितीय गं."

"मग खोटं बोलायचं?"

"खेळ समज."

"आणि चौथी?"

"पुढच्या वर्षी," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

तपासनीस आले ते नाकाला रुमाल लावूनच. मागे हेडसर, अदबीने वाकलेले. चष्म्याचं घर टेबलावर ठेवून तपासनिसांनी चिमीपुढे पुस्तक उघडलं.

"वाच."

चिमीचे ओठ हलले. मग तिने बाईंकडे पाहिलं. "येत नाही."

"बरं. बुटाची लेस बांध."

तिने दोन्ही टोकं हातात घेतली. सवयीने बोटांनी फास धरलासुद्धा. बाई खोकल्या. फास गळून पडला.

"येत नाही," चिमी म्हणाली आणि पुन्हा बाईंकडे बघू लागली. बरोबर उत्तर दिलं की बाई टेबलावर दोन बोटं वाजवत; या वर्गाची शाबासकी ती. चिमी तिचीच वाट बघत होती.

बाईंनी दोन बोटं वाजवली.

"किती वर्षं आहे ही तुमच्याकडे?" तपासनिसांनी विचारलं.

"तीन."

"तीन वर्षांत साधी लेस नाही? अहो, लोक कुत्र्याला हात मिळवायला शिकवतात! पगार कसला घेता तुम्ही?"

"मी समज देतो साहेब त्यांना," हेडसर घाईने म्हणाले. "कामात ढिलाईच आहे बाईंची. पहिल्यापासून."

बाईंनी हेडसरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"माझंच चुकलं," बाई म्हणाल्या.

"वर्ग राहू द्या. गरज दिसतेच आहे," तपासनीस उठत म्हणाले. "बाईंबद्दल मात्र मी वर लिहिणार. अशा माणसांमुळेच सरकारचा पैसा पाण्यात जातो."

दोघं बाहेर पडले. पायरीवरची ढब्बूची आई त्यांना वाट द्यायला उठली. वर्ग राहिला हे तिने ऐकलं होतं. तिने दारातून ढब्बूला एकदा पाहिलं, बाईंकडे पाहायचं टाळलं आणि कामावर निघून गेली.

"संपला खेळ?" चिमीने विचारलं. "आता बांधू?"

"बांध."

जिभेचं टोक दातांत धरून चिमी कामाला लागली. एक फास, त्याभोवती दुसरा, मग ओढ. गाठीचे दोन्ही कान सारखे आले. बाई बघत होत्या. इतकी नीट गाठ तिला आजवर जमली नव्हती.

दाराशी बूट वाजले. तपासनीस चष्म्याचं घर विसरले होते.

बाईंनी मान वळवायच्या आत चिमीने लेसचं टोक ओढलं. गाठ सुटली. तिने दोन्ही पाय पुढे टाकले, मान एका बाजूला सोडली आणि तोंड अर्धवट उघडं ठेवलं, अगदी ढब्बू ठेवतो तसं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तपासनिसांनी चष्म्याचं घर उचललं, सुटलेल्या लेसवर पाय पडू नये म्हणून जरा बाजूने गेले आणि दार ओढून घेतलं.

चिमीने मान सरळ केली. ती बाईंच्या बोटांकडे बघत बसली.