गवळ्याच्या हातातला पितळी डबा

"सून रोज त्या गवळ्याच्या हातात कायतरी झाकून देती बघा. तूप देती का साखर, देव जाणे."

अक्काताई हे शेजारच्या खैरुनबींच्या कानात बोलल्या. पण अक्काताईंची कुजबूज म्हणजे कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत जाणारी. मोरीत भांडी घासणाऱ्या सुनेचा हात जागच्या जागी थांबला. मी सगळं पाहिलं, कारण मधे मीच होतो, नेहमीसारखा गळत.

मी या घरचा नळ बोलतोय. शिवाजी पेठेतला, अंगणातला, पितळेचा. भट्टीत वितळून निघालो, मिस्त्रीच्या पिशवीत पान्यांचे धक्के खात आलो आणि अडुसष्ट साली इथं उभा राहिलो. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सात पावलांवरच्या आडाला मात्र त्या दिवसापासून कुणी विचारलं नाही. त्याच्या रहाटावर आता ओली फडकी वाळतात.

माणसांचं असंच. पाणी कुठलं म्हणून विचारलं, की "नळाचं" म्हणतात. जणू मीच ढग! खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. यायचं ते मागून, अंधारातून यायचं. मी फक्त तोंड उघडायचो.

अक्काताई जैनांच्या जुन्या वळणाच्या. दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात नाही. गाळून झालं की फडकं उलटं करून खळबळायचं आणि अडकलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथंच परत सोडायचे. आडाचं पाणी होतं तेव्हा त्या आडात सोडत. मी आल्यावरही आडातच सोडत राहिल्या. पाणी बदललं, हात बदलला नाही.

वैशाखात त्रिशला सून होऊन आली. बोलणं इतकं कमी, की दिवसभरात माझे थेंब जास्त पडायचे. "व्हय आत्ती" आणि "न्हाई आत्ती" एवढ्यावर तिनं तीन महिने काढले. नागपंचमीला भाऊ माहेरी न्यायला आला. अक्काताईंनी त्याला चहा पाजला, शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि "दिवाळीला बघू की" म्हणून परत धाडला. त्या दिवशी त्रिशलानं चार घागरी जास्तीच्या भरल्या. लागत नव्हत्या, तरी भरल्या.

त्याच आठवड्यात मी गढूळ आलो. दुधाचं माप घेता घेता तिनं आकाराम गवळ्याला हळूच विचारलं, "दादा, ह्या नळाला पाणी येतं कुठनं?"

आकाराम नदीकाठच्या बालिंग्याचा. खदाखदा हसला. "आमच्या भोगावतीचं की, वैनी! राधानगरीला पाऊस लागला की तुमची घागर गढूळ. आमच्या म्हशी डुंबत्यात न्हवं, तितंच पंप हाय तुमचा. भिऊ नगा, म्हशीच्या वरच्या अंगाला हाय."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आडाकडे. पाणी गाळायचं काम आता तिच्याकडेच होतं; दुसऱ्या दिवसापासून फडक्याचं पाणी आडात गेलं नाही. ते एका पितळी डब्यात जाऊ लागलं आणि डबा आकारामच्या सायकलला. घरी पोचल्यावर किटल्या धुवायला तो नदीवर जायचाच; डबाही तिथंच रिकामा करायचा. त्या पाण्यात जीव किती असत कोण जाणे, माझा गंज पुष्कळ असायचा. तोही बिचारा रोज भोगावती पाहायला जायचा.

आता माझी चावी ढिली झालीय. चिंधी बांधून दिवस काढतोय. एवढंच मागणं, की मला पिळण्याआधी माझ्या मागच्या नदीचीही कधीतरी आठवण काढा. आणि त्या सकाळचं सांगून थांबतो.

कुजबुजीच्या दुसऱ्याच दिवशी अक्काताई दारामागं दबा धरून बसल्या. खैरुनबी "मी आपली पाण्याला आलेय" म्हणत रिकामी कळशी माझ्याखाली लावून हजर. आकारामनं डबा हातात घेतला मात्र, अक्काताईंनी तो हिसकावला.

"बघू दे की गं, आमच्या घरातलं काय काय बाहीर चाललंय!"

झाकण उघडलं. आत दोन बोटं पाणी.

"ह्यात पाणीच हाय की!"

"मग काय पेढं असत्यात व्हय?" आकाराम म्हणाला.

"तू गप ए! त्रिशला, कसलं पाणी हे? कुणी सांगितलं तुला हे धंदं?"

खैरुनबींची कळशी भरून वाहायला लागली, तरी मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्रिशलानंच पुढं होऊन मला पिळलं. पदर सारखा केला. तिचा आवाज त्या अंगणानं पहिल्यांदाच धड ऐकला:

"तुम्हीच की, आत्ती. जिथलं पाणी तिथंच सोडायचं म्हणून तुम्हीच शिकवलंय. आपलं पाणी आडाचं न्हाई आता, भोगावतीचं हाय. ह्या जिवांस्नी आकारामदादा रोज माहेराला पोचवून येत्यात. माझं तेवढं तुम्ही बघा."