कॅसेटची दुसरी बाजू

कुंडलिकने माइक स्टुलाच्या पायाला रुमालाने बांधला आणि स्टूल आईच्या पुढ्यात सरकवलं. मंजुळाबाईंनी ते पायाने परत मागे ढकललं.

"मांडव नाय, नवरी नाय. धवला कुनाला गाऊ? तुझ्या मशिनीला?"

"आये, एकदाच. परत कधी नाही सांगणार."

"परत सांगशील तवा मी गानार तरी कशानी?"

सोमवारी मुंबईच्या इस्पितळात मंजुळाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढावी लागेल, हे डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. बाहेर आल्यावर त्या रडल्या नाहीत. सोमवारच्या आत कोपरीत कुणाची हळद आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आषाढ लागला होता, लग्नं कधीच उरकली होती. शेवटचा धवला आपण गाऊन बसलो आणि ते आपल्याला कळलंही नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं.

कोपरीच्या कोळी घरांत लग्न निघालं की भटजीच्या आधी मंजुळाबाईंना सांगावा जायचा. त्या धवलारीण. गाण्यातून त्या देवांना बोलवायच्या, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायच्या, पानावर चिमूट चिमूट तांदूळ ठेवून त्यांना मांडवात बसवायच्या आणि कार्य झालं की गाऊनच परत वाटेला लावायच्या. अलीकडे बँजो पार्ट्यांचे मोठे बॉक्स लागले की त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू यायचा नाही. त्यातल्या एका पार्टीत कीबोर्ड वाजवायला त्यांचा स्वतःचाच मुलगा असायचा. त्या कधी त्याला बोलल्या नाहीत, फक्त बॉक्सकडे पाठ करून बसायच्या.

"तुझा आवाज राहील गं घरात," कुंडलिक म्हणाला.

हे खरं होतं. आणखी एक गोष्ट तितकीच खरी होती, ती तो बोलला नाही. डोंबिवलीला कॅसेटच्या दुकानात काम करणाऱ्या उत्तमने त्याला चार महिन्यांपूर्वी एक बिनकव्हरची कॅसेट दिली होती. कुणाचा तरी भाऊ परदेशातून घेऊन आलेला. त्यात गाणारं कुणी नव्हतं, मुखडा नव्हता, अंतरा नव्हता. नुसती यंत्रं वाजत होती, आणि मधूनच एका बाईची एक हाक येत होती, तीच ती, पुन्हा पुन्हा. कुंडलिकने ती पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी तो ताटावरून तसाच उठला होता. हळदीला तोच ठेका आणि तीच दहा गाणी वाजवून कंटाळलेल्या माणसाला असं काही जगात आहे हे कळलं, की मग त्याला दुसरं सुचत नाही. त्यालाही सुचत नव्हतं. आणि त्या हाकेच्या जागी त्याला सारखी आईची हाक ऐकू येत होती.

मंजुळाबाईंनी माइककडे पाहिलं. मग उठून केळीचं पान आणलं, तांदळाची पुरचुंडी सोडली.

"भरतोस त पुरा भर. अर्दा ठेवू नको. बोलावलंय त्याला बसवाला लागतं, बसवलंय त्याला वाटेला लावाला लागतं. नाय त तो उभाच रहातो."

"कोण?"

"जो आयलाय तो."

लग्नघर नव्हतं म्हणून त्यांनी आपल्याच घरातली नावं घेतली. सासऱ्याचं, सासूचं, आणि मग नवऱ्याचं. कुंडलिक दचकला. बा खाडीत बुडून गेला त्याला सात वर्षं झाली होती, पण त्याच्या हयातीतही आईने कधी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तो 'कुंडलिकचा बा' असायचा. धवल्यात मात्र नाव घ्यावंच लागतं.

'ये रं गुनाजी, मांडवान ये.'

इतर ठिकाणी आवाज कापत होता, या ओळीला नाही. त्यांनी पानावर तांदूळ ठेवले आणि तेवढ्यात कॅसेटची बाजू संपून बटण खट्कन वर आलं. मंजुळाबाई हात तसाच वर धरून थांबल्या. कुंडलिकने कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा घातली. ते सगळं त्यांनी नीट पाहिलं आणि मग वाटेला लावायचं गाणं सुरू केलं. त्यात आवाज दोनदा फाटला. शेवटी एवढा खोकला आला की हेमा, कुंडलिकची धाकटी बहीण, आतून पाणी घेऊन धावली.

"भरला?" पाणी पिऊन मंजुळाबाईंनी विचारलं.

"भरला."

कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन दात असतात. ते तोडले की तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. हे बँजो पार्टीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कुंडलिकने ते उद्या तोडू म्हणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायची गडबड होती.

ऑपरेशन झालं. मंजुळाबाईंच्या गळ्याला भोक राहिलं, त्यावर त्या पांढरं फडकं बांधू लागल्या. पहिले काही दिवस त्या ओठ हलवून बघायच्या. मग तेही सोडलं. घरात कुणी भांडत नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, आणि हेमाला ऑफिसातून घरी यावंसंच वाटेना.

श्रावणात उत्तमने कुठूनतरी एका दिवसापुरता ऑक्टोपॅड आणला. काठी मारली की ढोल, थाळी, बंदूक, काय वाट्टेल तो आवाज देणारं ते यंत्र होतं. दोघांना एक ठेका सापडला, त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना असा. तो लगेच भरून ठेवायला हवा होता आणि दुकान बंद होतं, कोरी कॅसेट नव्हती. कुंडलिकने आईची कॅसेट काढली. दुसरी बाजू लावली. आईचा फाटलेला आवाज खोलीत आला आणि पाठोपाठ खोकला. त्याला ते ऐकवेना. या खोकल्याच्या पुढचं सगळं त्याने इस्पितळात पाहिलं होतं. पहिल्या बाजूवरचा चांगला आवाज तर आहेच की, असं त्याने स्वतःला सांगितलं, कॅसेट मागे घेतली आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं.

भाद्रपदात कार्यक्रम ठरला. उत्तमच्या दुकानात असली कॅसेट मागायला येणारी वीसतीस माणसं होती. कॉलेजची पोरं, दोन बँकवाले, ठाकुर्लीचा एक रेडिओ दुरुस्त करणारा. त्यांनाच बोलवायचं. डोंबिवलीत पूर्वेला एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल मिळाला.

"पितृपक्षात लग्न कोण लावतोय?" उत्तम म्हणाला. "मालक बोलला, झाडून परत द्या, बस. आपला पहिला शो, राजा! आणि मावशींना आणायचं हां. पहिली खुर्ची त्यांची."

हेमाने ऐकलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"पंधरवड्यात धवला लावणार? दादा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"धवला कुठे, म्युझिक आहे ते. आयेच्या नावाने टाळ्या वाजतील, बघ तू."

मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवून नको म्हटलं नाही. रविवारी दुपारी त्या नवं लुगडं नेसून निघाल्या, आणि हेमाला त्यांच्या कमरेला तांदळाची पुरचुंडी दिसली. धवला लागणार तिथे त्या रिकाम्या हाताने कधी गेल्याच नव्हत्या.

हॉलमध्ये मागच्या लग्नाच्या झिरमिळ्या अजून लटकत होत्या. लोखंडी खुर्च्यांवर माणसं विखरून बसली. मंजुळाबाई पहिल्या रांगेत कडेला, त्यांच्या पलीकडे एक खुर्ची रिकामी, मग हेमा. उत्तमने दिवे मालवले. कुंडलिकने आधी मूळ कॅसेट लावली, आईचं एक कडवं, साधं, काहीही न मिसळता. मग हळूच कीबोर्ड धरला आणि दुसऱ्या डेकवरची कॅसेट सोडली. ती त्याने रात्रंदिवस बसून एका ओळीला तीच ओळ जोडत तयार केली होती.

'ये रं गुनाजी, मांडवान ये.'

ठेका आत आला. कुणीतरी शिट्टी मारली. इको मशीनने हाक लांबवली, भिंतीवर आपटून ती परत आली, आणि ती विरायच्या आत दुसरी.

'ये रं गुनाजी, मांडवान ये.'

जमलं होतं. बँकवाला डोळे मिटून मान हलवत होता, मागची पोरं उभी राहिली होती. उभ्या जन्मात कुंडलिकचं वाजवणं असं कुणी ऐकलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं, ती हसत असेल म्हणून.

मंजुळाबाईंनी पुरचुंडी सोडली होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्या चिमूटभर तांदूळ ठेवत होत्या. हाक आली, चिमूट. पुन्हा हाक आली, पुन्हा चिमूट. त्यांचा हात घाईला आला होता. ठेका चढला तशा हाका जवळजवळ येऊ लागल्या, आणि कितीदा बोलावलं त्याचा हिशेब चुकू नये म्हणून त्या वाकून, ओठ आवळून, भराभर तांदूळ ठेवत होत्या. हेमाने त्यांचा दंड धरला, तो त्यांनी झटकला. मग पुरचुंडी रिकामी झाली. त्यांनी ती उलटी करून झटकली. हाक आली तेव्हा त्या उठल्या, आपली खुर्ची पदराने पुसली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

कुंडलिकने डेक बंद केला.

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात पडल्या. मंजुळाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी मुलाकडे बघून पंजा वर केला आणि उलटा केला. परत वर केला आणि उलटा केला. कॅसेट उलटी कर. दुसरी बाजू लाव.

"काय म्हणतायत मावशी?" उत्तमने विचारलं. "वन्स मोअर?"

नाही म्हणून मान हलवायचं कुंडलिकच्या मनात आलं, पण आई वाट बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. चूक झाली तरी ती निस्तरायचं गाणं कॅसेटवर आहे, असा तिचा पक्का भरवसा दिसत होता. त्याने मूळ कॅसेट काढली, उलटी केली, घातली. ऑक्टोपॅडचा ठेका धाडधाड वाजू लागला. पोरं पुन्हा नाचायला लागली. त्याने घाईने टेप पुढे पळवला. ठेका. आणखी पळवला. ठेकाच. शेवटी कुठेतरी ठेका भरणं आपण थांबवलं असेल, त्यापुढे चार ओळी उरल्या असतील, दोन उरल्या असतील, निदान एक, असं तो मनात म्हणत होता. ज्या देवांना तो हळदीला उभ्याउभ्या हात जोडायचा त्या सगळ्यांना त्याने तेवढ्यात साकडं घातलं.

ठेका मध्येच तुटला. नुसती खरखर आली. मग हॉलभर मोठ्याने खोकला, खूप वेळ खोकला, भांड्याचा आवाज, आणि मंजुळाबाईंचा स्वच्छ आवाज.

"भरला?"

"भरला."

बटण खट्कन वर आलं.

मग अख्खा हॉल टाळ्या वाजवत उठला. उत्तमने कुंडलिकला मिठी मारली. "काय शेवट केलास यार! खोकला काय, ते भरला काय! मला बोललापण नाहीस!"

मंजुळाबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, अजून काही येईल म्हणून. मग त्यांनी खुर्चीवरचे तांदूळ एक दाणाही न सांडता पुरचुंडीत भरले, गाठ मारली आणि जिन्याकडे निघाल्या. जिना उतरताना त्या एका अंगाने भिंतीला धरून चालत होत्या. दुसऱ्या अंगाला एका माणसापुरती वाट त्यांनी मोकळी सोडली होती.

सामान उत्तमवर टाकून कुंडलिक खाली धावला. रस्त्यावर हेमाने रिक्षा थांबवली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वाटेला लावायचं तुला येतं काही?" त्याने हलकेच विचारलं. "एखादी ओळ तरी?"

"मी कधी शिकले?" हेमा म्हणाली. "तुझे बॉक्स लागल्यावर ऐकू तरी यायचं का?"

मंजुळाबाई आत चढून कडेला बसल्या, अगदी दांडीला चिकटून. हेमा वळसा घालून पलीकडून चढली. आत सरकायला गेली आणि आईकडे बघून थांबली. तीही आपल्या कडेलाच बसली. मंजुळाबाईंनी मधल्या गादीवरून पदर फिरवला, दोन बोटांनी कसलंसं कुसळ उचलून बाहेर टाकलं आणि हात मांडीवर ठेवले.

कुंडलिकने ओळ आठवायचा प्रयत्न केला. लहानपणापासून प्रत्येक मांडवात ऐकलेली ओळ. डोक्यात नुसता ठेका वाजत होता. तो पुढे गेला आणि रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकला.

"अरे भाऊ, पुढे कशाला? पोलीस पकडतो," रिक्षावाला म्हणाला. "मागे जागा आहे ना."

"नाही," कुंडलिक म्हणाला. "मागे बसलेत."